चाकाची कल्हई



दसरा जवळ आला की आपल्या भागात रंगाचे डबे खपू लागतात. ट्रॉलीच्या फाळक्यांवर नवा हात फिरतो, मागे कुलदैवताचे नाव लिहिले जाते, आणि उरलेला रंग चाकांच्या रिमांना फासून मालक मोकळा होतो. गाडी गव्हाणीपुढे उभी राहिली की लांबून नवी कोरी दिसते. चार लोक म्हणतात, "वा, गाडी झकास केली!" गाडी झकास झाली खरी, पण चाकाचे काय? आज आम्हांला त्या रिमावरच्या रंगाबद्दलच दोन शब्द सांगायचे आहेत. विषय किरकोळ वाटेल. पण ज्या चाकावर आपला वर्षाचा ऊस, ऊसतोड कामगारांचे जीव आणि रस्त्यावरून जाणाऱ्या शाळेच्या पोरांचे जीव फिरतात, त्याला किरकोळ म्हणायला आम्ही तयार नाही.

आधी आमचीच चूक सांगतो. दोन हंगामांपूर्वी आम्ही भिवंडीहून ट्रॉलीसाठी रिमांचा एक संच आणला. स्वस्त मिळाला आणि रंग कसा, तर आरशासारखा. काळाभोर, तुळतुळीत. आणला तसा बसवला. हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले नसतील, पहाटेच्या अंधारात कालव्याच्या पुलाजवळ मागचे डावे चाक सुटले. सुटलेले चाक थांबत नाही, ते गाडीच्या पुढे धावते. समोरून ऊस खाली करून एक रिकामी टायरगाडी परत येत होती. गाडीत वाढ्यांच्या पेंढीवर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. चाक बैलाच्या हातभर अंतरावरून गेले आणि सरीत जाऊन पडले. ती बाई काही बोलली नाही. तिने पोराला फक्त जवळ ओढले. आम्हांला ते अजून दिसते.

सकाळी मिस्त्रीने चाक उलटे करून दाखवले. नट जिथे टेकतो त्या बसक्यावर रंगाचा जाड थर होता. नट आवळला तेव्हा तो रंगावर आवळला गेला, लोखंडावर नाही. गाडी भरून चालू लागली तसा थर दबला, भुगा होऊन निघाला आणि नट सैल पडला. सैल नटाने भोक लांबट केले, मग स्टड तुटले. रिमाच्या आतल्या बाजूला बोटाने रंग दाबला तर पापडासारखा फुटला आणि खाली जुनाच तांबडा गंज. म्हणजे नव्याच्या भावात आम्ही रंगवलेले जुने चाक आणले होते. दोष विकणाऱ्याचा होताच. पण घेताना आम्ही नुसता रंग पाहिला, आणि बसवल्यावर पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळले नाहीत. हे दोन दोष आमचे.

म्हणून यंदा पुन्हा भिवंडीला गेलो ते डोळे उघडे ठेवून. बरोबर दोन शेजारी सभासद आणि एक जाणता फिटर. आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून, मुरबाड-कल्याण करून दुपारी पोचलो. भिवंडी म्हटले की आपल्याला यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. तो आहेच. पण मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूला आता गोदामांच्या रांगाच रांगा आहेत. मुंबईला जकात होती तोवर माल शहराबाहेर ठेवणे व्यापाऱ्याला परवडे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नाशिकचा महामार्ग, बंदरही आवाक्यात. तिथे सुईपासून टायरपर्यंत सगळे मिळते. मात्र नवा माल, पडून राहिलेला माल आणि भंगारातून उठवलेला माल कधी कधी एकाच छपराखाली मिळतो. त्यात हवा खाडीची, दमट आणि खारी. आपल्याकडे जे लोखंड दोन पावसाळे काढते ते तिथे उघड्यावर एका पावसाळ्यात तांबूस होते. मग त्यावर रंग मारल्याशिवाय गिऱ्हाईक कसे मिळणार?

गोदामात आमच्यापुढे तीन ढीग टाकले. पहिल्यात कारखान्यातून आलेली काळी रिमे, रंग पातळ आणि थोडा निस्तेज. दुसऱ्यात पावडर कोटिंगची, चकचकीत, पिवळी, लाल, रुपेरी. तिसऱ्यात जस्त चढवलेली, राखाडी, अंगावर खवले असल्यासारखी. दाखवणारा म्हणाला, "साहेब, दुसरा ढीग घ्या. शोरूमसारखी दिसतील." आमच्यातला एक तरुण सभासद हरखला. फिटरने खिशातून एक नाणे काढले, रुपेरी रिमाच्या आतल्या कडेला घासले आणि म्हणाला, "बघा, साल निघतेय."

इथे कल्हईची गोष्ट सांगायला हवी. आपल्या लहानपणी कल्हईवाला दारात यायचा. भट्टी पेटवायचा, भाता मारायचा, आणि आधी काय करायचा? भांडे घासून पुसून उजळ करायचा. मग ते तापवून नवसागर टाकायचा. धूर निघाला की भांडे आतून स्वच्छ झाले, आणि मग कथिल फिरवायचा. भांडे नीट न घासता कथिल फिरवले तर आठ दिवसांत कल्हई उडाली, आणि आजीने कल्हईवाल्याला गल्लीत गाठून खडसावले. रिमाचेही तेच आहे. वरचा थर कोणता हे नंतर विचारावे. खालचे लोखंड स्वच्छ होते का, हे आधी.

आता थरांचे प्रकार थोडक्यात पाहू. चांगल्या कारखान्यात रिम आधी धुतात, तेल काढतात, मग फॉस्फेटचा हात देतात. त्याने रंगाला धरायला खरखरीत अंग मिळते. त्यानंतर रिम रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवतात. हा थर साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पण विजेमुळे तो सांध्यात, कोपऱ्यात, भोकाच्या आतपर्यंत जातो. पहिल्या ढिगातली निस्तेज काळी रिमे ती ही. दिसायला साधी, पण पाया पक्का.

पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी भुकटी विजेचा भार देऊन फवारतात आणि १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. भुकटी वितळून एकसंध होते. थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे चांगला जाड. खडा लागला तर साध्या रंगापेक्षा जास्त सोसतो. मात्र खोल कोपऱ्यात भुकटी नीट पोचत नाही. आणि एकदा का दगडाने खोच पडली, की पाणी थराखाली शिरते. वरून रंग साबूत, आत गंज रांगत जातो. उसाच्या कांड्यात खोडकिडा शिरल्यासारखे. बाहेरून हिरवेगार, आतून पोकळ.

जस्ताचा प्रकार वेगळा. लोखंड आम्लाने स्वच्छ करून सुमारे ४५० अंशाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त लोखंडाच्या अंगात मुरते. त्याचा मोठा गुण असा, की खोच पडून लोखंड उघडे पडले तरी आजूबाजूचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. थोरल्या भावाने अंगावर घ्यावे आणि धाकट्याला सांभाळावे तसे. म्हणून दगडगोट्यांतून, चिखलातून जाणाऱ्या गाडीला जस्त आम्हांला जवळचे वाटते. पण त्यालाही खोडी आहेत. आम्ल त्याला सोसत नाही. आपल्या ट्रॉल्या हंगामात ऊस वाहतात आणि हंगाम संपला की रासायनिक खते, प्रेसमड, कोणी आसवनीचे सांडपाणी सुद्धा वाहते. उसाचा रस रिमाच्या खोबणीत आंबला की त्याचेही आम्लच होते. अशा मालाला नुसते जस्त उघडे ठेवून भागत नाही, त्यावर योग्य रंगाचा हात हवा. शिवाय तबकडी आणि रिम जिथे एकमेकांवर चढवून जोडलेले असतात त्या फटीत धुण्याचे आम्ल अडकून राहिले, तर ते पुढे आतून खाते. म्हणून जस्त चढवलेले चाक घेताना त्या सांध्यातून तांबडे ओघळ आले आहेत का हे पाहावे. आले असतील तर ते चाक परत ढिगावर ठेवावे.

कोणी म्हणेल, हे सगळे मोटारवाल्यांचे चोचले, आपल्या रानातल्या गाडीला कशाला? आमचे मत नेमके उलटे आहे. डांबरी रस्त्यावरच्या मोटारीपेक्षा आपल्या चाकाचे हाल अधिक. काळ्या रानातला चिखल रिमात बसतो आणि आठ आठ दिवस ओला राहतो. क्षारपड जमिनीत त्या चिखलात मीठ असते, आणि मीठ गंजाला खतासारखे लागू पडते. फडातून निघताना बांधावरचा दगड कडेला बसतो. आणि मुख्य म्हणजे आपली गाडी चार-पाच महिने रात्रंदिवस चालते आणि उरलेले सात-आठ महिने पावसात उभी राहते. चाक हंगामात झिजते, पण सडते ते बिगरहंगामात. कारखान्याच्या आवारात टायरगाड्या कशा उभ्या असतात ते कोणीही जाऊन पाहावे. निम्मी चाके गवतात रुतलेली, हवा गेलेली, रिमाची कड ओल्या मातीला टेकलेली.

रिम सडले की पहिला फटका ट्यूबला. गंजाचे खवले ट्यूब घासतात, व्हॉल्व्हच्या भोकाची कड तिला कापते. आपण म्हणतो, "ट्यूबच खराब निघाली." ट्यूबचा बिचारीचा दोष नसतो. दुसरा फटका त्याहून वाईट. काही रिमांना कडेला वेगळी लोखंडी रिंग असते, टायर तिच्याने धरून ठेवलेला असतो. ती खोबण गंजून खाल्ली गेली असेल तर हवा भरताना रिंग उडते. ती बंदुकीच्या गोळीसारखी येते, आणि समोर पंक्चरवाल्या पोराचे तोंड असते. त्या रिमाची रिंग काढून खोबण घासून पाहिल्याशिवाय हवा भरू नये. भरायचीच तर पिंजऱ्यात ठेवून किंवा निदान साखळदंडाने बांधून, बाजूला उभे राहून भरावी. यात वेळ जातो हे खरे. पण गेलेला डोळा कोणता कारखाना परत आणून देणार?

तेव्हा चाक घेताना काय पाहावे? आम्ही भिवंडीत केले ते सांगतो. एक, चाक उलटे करून आतली बाजू पाहावी. बाहेरचा चेहरा सगळेच रंगवतात. दोन, नाण्याने आतल्या कडेला घासावे. चांगल्या रंगावर ओरखडा उठतो, वाईट रंगाची साल निघते. तीन, वेल्डिंगवरून बोट फिरवावे. रंगाखाली खळगा, चीर, जुन्या जोडाचा उंचवटा लागतो का ते बोटाला डोळ्याआधी कळते. चार, हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. धडधाकट चाक खणकन वाजते, चिरलेले बद्द वाजते. मडके घेताना आपण हेच करतो. पाच, चाक आसावर चढवून फिरवावे आणि कडेला खडू धरावा. खडू सगळीकडे सारखा लागला पाहिजे. सहा, मानकाची खूण, माप आणि बनावटीचे साल पत्र्यात कोरलेले वाचावे. रंगाने बुजवलेले असेल तर बुजवायचे कारण विचारावे. आणि सात, नटाचा बसका व हबला टेकणारी तबकडीची बाजू यांवर रंगाचा जाड थर नको. बाकी अंगभर कल्हई असावी, पण तिथे लोखंडाला लोखंड भिडले पाहिजे.

नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. चाक नवे बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा आवळावेत. आपल्या फडापासून काट्यापर्यंतच्या अंतराने हिशेब केला तर दोन-चार खेपांतच ती वेळ येते. आणि चाक कितीही चांगले असो, ट्रॉलीच्या ताकदीपेक्षा जादा ऊस रचला तर कोणतीही कल्हई उपयोगाची नाही.

तरुण सभासदांसाठीही एक शब्द. अलीकडे आपल्या गावांत चारचाकी जीपगाड्या आल्या आहेत, आणि त्यांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके लावायची हौस आहे. हौसेला आमचा विरोध नाही. चांगल्या बनावटीचे असे चाक हलके असते आणि लोखंडासारखे गंजत नाही. पण मोठा दगड बसला तर पोलादी चाक बहुधा वाकते, गावच्या मिस्त्रीकडे सरळ होऊन निदान घरी तरी नेते. ओतीव मिश्रधातूचे चाक तडकते. शिवाय वरचा पारदर्शक थर खरवडला की खाली पांढरी बुरशी आल्यासारखे डाग धावू लागतात. जुने मिश्रधातूचे चाक पुन्हा रंगवून नवे म्हणून विकले जाते ते तर घेऊच नये. भट्टीत वाजवीपेक्षा जास्त तापले तर त्याची ताकद कमी होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ज्याची गाडी रोज रानात जाते त्याने पोलादच धरावे, हे आमचे मत.

आता खरा प्रश्न पैशाचा. "पावडर असो की जस्त, त्याचा जादा खर्च कोणी करायचा?" असे गाडीमालक विचारतात. त्यांचे चुकत नाही. वाहतुकीचा दर ठरलेला, डिझेल महाग, टायर महाग. पण चाकाची किंमत नगावर करू नये, हंगामावर करावी. स्वस्तातले चाक दोन हंगामांत फेकले आणि वाटेत चार ट्यूबा खाल्ल्या, तर ते स्वस्त कसे? त्यात काट्यावरचा नंबर गेला, तोडलेला ऊस फडात वाळला, वजन घटले, ते नुकसान तर ऊसवाल्याच्या माथी. म्हणजे चाक वाहतूकदाराचे असले तरी गंज आपल्या सर्वांच्या बिलात लागतो.

आणि टायरगाडीचे काय? ती बहुतेक ठिकाणी कारखानाच गाडीवानाला देतो आणि भाडे कापतो. बीड, पाथर्डी, आष्टीकडून आलेला माणूस आपल्या घरचे बैल घेऊन येतो आणि आपली गाडी ओढतो. रिम वाकडे असेल, बेअरिंग कोरडे असेल, तर ते ओझे त्याच्या बैलाच्या खांद्यावर येते. खांदा सुजलेला बैल बोलत नाही आणि उचल घेतलेला माणूसही फारसा बोलत नाही. म्हणून ते बोलणे आपण सभासदांनी केले पाहिजे. मालक आपण आहोत.

आमच्या मते हा प्रश्न एकट्यादुकट्याने भिवंडी गाठून सुटणारा नाही. आम्ही एकदा फसलो, आमच्यासारखे आणखी फसले असतील. एकटा गिऱ्हाईक रंग पाहतो, कारण त्याच्याकडे दुसरे पाहायचे साधन नसते. शंभर जण एकत्र गेले तर व्यापारी आतली बाजू स्वतः उलटी करून दाखवतो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी जे उभे केले, त्याच्या मुळाशी हेच साधे शहाणपण होते. एकट्याला भाव मिळत नाही, दहांना मिळतो. उसासाठी जे शहाणपण वापरले ते चाकासाठी वापरायला काय हरकत आहे?

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही पुढील सूचना ठेवीत आहोत :

१. टायरगाड्यांची रिमे, आणि ज्या वाहतूकदारांना हवी त्यांची ट्रॉलीची रिमेही, स्टोअर विभागाने एकत्र मागवावीत. मागणीपत्रात थराचा प्रकार, जाडी आणि बसके मोकळे ठेवण्याची अट स्पष्ट लिहावी. थराची जाडी मोजण्याचे लहान यंत्र मिळते, ते वर्कशॉपने घ्यावे आणि माल आल्यावर मोजूनच उतरवून घ्यावा.

२. मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक गाडीची चाके वर्कशॉपमध्ये तपासून खडूने खूण करावी. खूण नसलेल्या गाडीला चिटबॉयने चिठ्ठी देऊ नये.

३. हंगाम संपल्यावर टायरगाड्या धुवून, रिमांच्या खोचांना हात मारून, आस ठोकळ्यावर ठेवून छपराखाली उभ्या कराव्यात. छप्पर नसेल तर निदान मुरमावर, मातीत नाही.

४. गाडीतळावर एक टॉर्क पाना आणि हवा भरण्याचा एक लोखंडी पिंजरा कायम असावा.

यात मोठी योजना नाही, कोणाचे कर्ज नको, मंजुरीसाठी मुंबईला खेटे नकोत. फक्त लक्ष हवे.

आम्ही यंदा भिवंडीहून पहिल्या ढिगातली निस्तेज काळी रिमे आणली. घरी आल्यावर धाकट्याने विचारले, "अण्णा, एवढ्या लांब जाऊन हीच कळकट चाकं आणली होय?" आम्ही चाक उलटे केले आणि त्याच्या हातात नाणे दिले. त्याने घासून पाहिले. मग काही बोलला नाही, पाना घ्यायला गेला.

सभासदांना यावर काही म्हणायचे असेल, आमचे चुकत असेल, तर सभेत जरूर बोलावे. विचार व्हावा, एवढीच विनंती.